आयात, परकीय गुंतवणूक आणि आपला कापूस : देशाची वाढ गावापर्यंत कशी पोचते?

राळेगाव तालुक्यातील शिक्षिका यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बारावीला परकीय व्यापाराचा पाठ आहे, आणि व्यापारामुळे बाजारपेठ विस्तारते, परकीय भांडवलाबरोबर तंत्रज्ञान येते, रोजगार वाढतो व राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते, असे मी दरवर्षी सांगत आले आहे. या वर्षी मात्र एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले की, केंद्र सरकारने कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क काढल्याची बातमी आली तेव्हा पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, अजून बोंडेही फुटली नव्हती, तरी तिच्या वडिलांनी त्याच संध्याकाळी तिच्या मोठ्या भावाचे नागपूरला शिकायला जाणे पुढच्या वर्षावर ढकलले. मग ही देशाची वाढ नेमकी कोणाच्या घरी होते?

दुसऱ्या एका मुलाने राष्ट्रीय उत्पन्नाचे सूत्र फळ्यावर लिहून दाखवले. त्यात उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात यांची बेरीज करून आयात वजा केलेली असते. यावरून आयात म्हणजे देशाचा सरळ तोटा, असा त्याचा निष्कर्ष होता. तो चुकीचा आहे हे मला कळत होते, पण घरात कापूस असलेल्या मुलांसमोर ते पटेल अशा शब्दांत मला मांडता आले नाही, आणि त्याची बोच अजून मनात आहे. परकीय गुंतवणुकीबद्दलही तेच झाले. आपल्या तालुक्यात ती कोणत्या रूपाने आली, या प्रश्नाला माझ्याकडे ठोस उत्तर नव्हते. व्यापारातील, शेतीतील आणि अध्यापनातील जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिंगणघाटचे जिनिंग व्यावसायिक

ताई, तुमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांचा अंदाज चुकलेला नव्हता. तो आकड्यांत कसा मांडता येतो ते आधी सांगतो, कारण कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजारावरून राळेगावच्या वजनकाट्यापर्यंत कसा उतरतो हे एकदा कळले की बाकीची चर्चा सोपी होते.

एका क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई (बी काढलेला तंतू) आणि चौसष्ट किलो सरकी (कापसाचे बी) निघते, उरलेली घट असते. समजा, जागतिक बाजारात रुई ७० सेंट प्रति पौंड आहे आणि डॉलर ८५ रुपयांना आहे. तेव्हा रुईचा किलोचा भाव १३१ रुपयांच्या आसपास येतो आणि चौतीस किलोंचे सुमारे ४,४६० रुपये होतात. सरकी ३५ रुपये किलोने धरली तर तिचे २,२४० रुपये. दोन्ही मिळून ६,७०० रुपये झाले, आणि त्यातून आमची जिनिंग-प्रेसिंगची (रुई वेगळी करून तिच्या गाठी बांधण्याची) मजुरी, वाहतूक व व्याज वजा करायचे. २०२५-२६ या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता. म्हणजे या गृहीतकावर जागतिक भाव आणि हमीभाव यांत चौदाशे रुपयांची दरी राहते. ही दरी असताना खासगी व्यापारी हमीभावाने कापूस घेऊ शकत नाही, आणि शेतकऱ्याला हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या (सीसीआय) रांगेशिवाय दुसरा आधार राहत नाही.

आता शुल्काकडे वळू. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पापासून आयात रुईवर उपकरांसह अकरा टक्के शुल्क होते. वरच्या हिशेबात अकरा टक्के म्हणजे एका क्विंटल कापसामागे जवळजवळ ४९० रुपये. शुल्क असेपर्यंत गिरणीला बाहेरची रुई तेवढी महाग पडते, म्हणून देशी भावाला तेवढी उंची मिळू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते काढले गेले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपल्याकडे वेचणीचा भर नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात असतो. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी कागदावर काही मांडले नसेल, पण क्विंटलमागे चार-पाचशे रुपये गेले हे त्यांना मांडण्याआधीच कळले होते. रुपयाचाही असाच परिणाम होतो. डॉलर ८५ वरून ९० रुपयांना गेला तर याच हिशेबाने क्विंटलमागे सुमारे २६० रुपये वाढतात. रुपया घसरल्याची बातमी शहरात वाईट मानली जाते, कापूसवाल्याला ती तशी नसते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. याच ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेपासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावले, आणि तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या कपडे निर्यातदारांच्या मागण्या थांबल्या. कच्चा माल तरी जागतिक भावाने मिळावा ही गिरण्यांची मागणी होती, आणि ती अवास्तव नव्हती. सूत महाग झाले तर कपड्याची निर्यात बांगलादेश आणि व्हिएतनामकडे जाते, आणि मग आमच्या गाठी विकत घेणारी गिरणीच बंद पडते. माझा आक्षेप आहे तो निर्णयाच्या वेळेवर. मार्च २०१२ मध्ये शेतकऱ्यांच्या घरात कापूस असताना केंद्राने निर्यातीवर अचानक बंदी घातली आणि आठवड्याभरात ती शिथिल करावी लागली. तेवढ्या दिवसांत आमच्या ओळखीतल्या ज्या लोकांनी घाबरून माल विकला, त्यांचे नुकसान कोणीही भरून दिले नाही. त्या २०११-१२ च्या हंगामात देशातून सव्वाशे लाखांच्या आसपास गाठी बाहेर गेल्या होत्या. २०२४-२५ मध्ये मात्र आपली आयात निर्यातीपेक्षा बरीच जास्त झाली. जेमतेम चौदा वर्षांत निर्यातदाराचे आयातदार होणे ही माझ्या दृष्टीने शुल्कापेक्षा अधिक काळजीची गोष्ट आहे, आणि तिचे मूळ एकरी उत्पादनात आहे.

निवृत्त प्राध्यापक, अमरावती

बाई, फळ्यावरच्या सूत्रापासून सुरुवात करतो, कारण हा गैरसमज पदव्युत्तर वर्गातही आढळतो. सूत्रात आयात वजा केली जाते ती तोटा म्हणून नव्हे, दुबार मोजणी टाळण्यासाठी. एखाद्या घराने परदेशी पामतेलाचा डबा घेतला की ती रक्कम उपभोगात आधीच मोजली गेलेली असते. ते तेल देशात तयार झालेले नसल्यामुळे तेवढीच रक्कम आयातीच्या रकान्यातून काढून टाकतात. बेरीज-वजाबाकी शून्य होते. आयातीमुळे देशाचे उत्पादन घटले की वाढले, हे त्या आयातीने देशात काय घडले यावर ठरते. सूतगिरणीसाठी आणलेली यंत्रे हीसुद्धा आयातच असते, आणि ती न आणता गिरणी उभी राहत नाही.

डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालचे मद्य यांच्या उदाहरणाने दाखवले की, प्रत्येक देशाने तुलनेने ज्यात तो सरस आहे ते करावे आणि अदलाबदल करावी, त्यात दोघांचाही लाभ असतो. हे तर्कशास्त्र आजही टिकून आहे. पण त्यातला लाभ देशाच्या एकूण बेरजेतला आहे. देशांतर्गत तो कोणाला मिळतो आणि ज्याचे नुकसान होते त्याला भरपाई कोण देतो, याविषयी ते तर्कशास्त्र बोलत नाही. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका या रिकाम्या जागेतला आहे, आणि म्हणून तो उत्तम प्रश्न आहे. शुल्क काढल्याने कापड उद्योगाला मिळालेला लाभ शेतकऱ्याच्या नुकसानीपेक्षा मोठा असेलही, परंतु त्या लाभातला एक रुपयाही राळेगावला परत पाठवण्याची व्यवस्था नसेल, तर देश वाढला आणि राळेगाव मागे पडले, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात.

आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडी कापसाचे भाव भडकले. युद्ध संपताच ते कोसळले. दरम्यान रेल्वे येत होती, आणि १८६७ मध्ये ती नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये खामगावला कापसासाठी स्वतंत्र फाटा मिळाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ही रेल्वे म्हणजेच आपल्याकडची पहिली मोठी परकीय गुंतवणूक. भांडवल लंडनच्या भागधारकांचे होते, आणि त्यावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. गाड्या तोट्यात चालल्या तरी ती हमी भारतीय करदात्याच्या पैशातून पूर्ण केली जात असे. दादाभाई नवरोजी यांनी संपत्तीच्या निःसारणाचा, म्हणजे भारतातून इंग्लंडकडे वाहून जाणाऱ्या पैशाचा, जो हिशेब मांडला, त्यात अशा देण्यांना महत्त्वाचे स्थान होते. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही दिशांना जाणारी आपली शकुंतला तर किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने खास कापसासाठी उभारली, आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके तो मार्ग खासगी मालकीचाच राहिला.

ही रेल्वे निरुपयोगी होती असे मी म्हणणार नाही. तिने बाजार जोडला, गावे उभी केली, दुष्काळात धान्य पोचवण्याची सोय केली. तरीही तिची आखणी शेतातून बंदरापर्यंत माल नेण्यासाठी झाली होती. रुई जायची आणि कापड यायचे. त्याच काळात जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस जेथे पिकतो तेथेच सूत काढावे या विचाराने. यंत्रसामग्री विलायतेचीच होती, म्हणजे परकीय व्यापार होताच. फरक एवढाच की सुताची आणि कापडाची किंमत नागपुरात तयार होऊ लागली आणि मजुरी, कौशल्य व नफा यांतला मोठा भाग येथेच फिरू लागला.

बांगलादेशाचे उदाहरण वर्गात अवश्य सांगा. त्या देशात कापूस नावापुरता पिकतो. १९७८ मध्ये तेथील देश गारमेंट्स या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १३० कर्मचारी प्रशिक्षणासाठी कोरियाला पाठवले. परतल्यावर त्यांच्यापैकी बहुतेक जण काही वर्षांत ती कंपनी सोडून गेले, कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी इतरांचे उभे करून दिले. त्या कंपनीचे नुकसान झाले असेल, पण देशात एक उद्योग रुजला. पुढे २००१ पासून युरोपीय संघाने सर्वांत अविकसित देशांना शुल्कमुक्त प्रवेश दिला, त्याचा मोठा आधार मिळाला. आज तो देश तयार कपड्यांच्या जगातील सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे आणि आपल्याकडूनही रुई व सूत घेतो. परकीय गुंतवणुकीतून वाढ होते ती मुख्यतः या मार्गाने. पैसा आज येतो आणि उद्या नफ्याच्या रूपाने परत जातो. शिकलेली माणसे मागे राहतात.

१९९१ चे सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. तेव्हा परकीय चलनाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता आणि देशाचे सोने गहाण ठेवावे लागले. त्यानंतर शुल्के कमी झाली, गुंतवणुकीची दारे उघडली. १९९० च्या सुमारास वस्तू व सेवांचा एकूण परकीय व्यापार राष्ट्रीय उत्पन्नाच्या पंधरा-सोळा टक्के होता, तो अलीकडे पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. या काळात देशाच्या वाढीचा वेग वाढला आणि दारिद्र्य घटले, हे निर्विवाद आहे. पण २०२४-२५ मध्ये आपली वस्तूंची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर आणि सेवांची सुमारे ३८७ अब्ज डॉलर होती, हा आकडा नीट पाहावा. जवळजवळ निम्मी निर्यात सेवांची आहे, आणि ती बंगळुरू, हैदराबाद, पुणे येथून होते. कमी शिकलेल्या हातांना काम देणारे कापड, चामडे, खेळणी यांचे कारखाने त्या प्रमाणात वाढले नाहीत. देशाची वाढ आपल्या खेड्यापर्यंत क्षीण होऊन पोचते, त्याचे सर्वांत मोठे कारण मला हे वाटते, आणि शुल्क हे त्यामानाने लहान.

वरुडचे संत्रा बागायतदार

प्राध्यापक साहेबांचे विवेचन वाचले. आमच्या वरुड-मोर्शी भागाचा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो. नागपुरी संत्र्याचा परदेशातला मुख्य ग्राहक बांगलादेश हा एकच देश राहिला. त्या देशाने गेल्या काही वर्षांत फळांवरचे आयात शुल्क पुन्हा पुन्हा वाढवले, तेव्हा आंबिया बहाराचा माल देशातल्या बाजारात एकदम तुंबला आणि बागेतले भाव खाली आले. आमच्याकडून काहीच चुकले नव्हते. फळ तेच, गोडी तीच, फक्त सीमेपलीकडचा एक निर्णय बदलला. निर्यात हवीच, पण एकाच ग्राहकावर विसंबलेली निर्यात म्हणजे एकाच विहिरीवरचा बगीचा आहे. संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याला जोड म्हणून पातळ सालीचे हे फळ लांबच्या प्रवासात टिकेल अशी शीतसाखळी, आणि रस काढण्याचे पुरेसे कारखाने हवे होते. परकीय गुंतवणुकीला आमचा विरोध नाही. अशा कारखान्यात कोणत्याही देशाचा पैसा येवो, आम्ही फळ द्यायला तयार आहोत.

सोयाबीनबद्दलही एक नोंद करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क भरघोस वाढले, कच्च्या तेलावरचा एकूण बोजा साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला, आणि आता सोयाबीन सुधारेल असे सर्वांना वाटले. तरी त्या हंगामात भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला. कारण एका क्विंटल सोयाबीनमधून तेल अठरा किलोच्या आसपास निघते आणि बाकी बहुतेक ढेप (तेल काढल्यावर उरणारी पेंड) असते. ढेपेला बाहेर ब्राझील, अर्जेंटिना व अमेरिकेच्या स्वस्त मालाशी स्पर्धा करावी लागते. तेलाचे शुल्क वाढवून ढेपेचा भाव वाढत नाही.

कळंबची मुलगी, सध्या चाकण

मॅडम, परकीय गुंतवणूक आपल्या तालुक्यात कोणत्या रूपाने आली, या प्रश्नाचे एक उत्तर मी स्वतः आहे. मी एका परदेशी कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात काम करते आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवते. माझ्या खोलीत आम्ही चौघी आहोत, एक वाशीमची, एक पुसदची, एक आर्णीची. देशात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्राचा वाटा बहुतेक वर्षी सर्वांत मोठा असतो, असे जाहीर होते, आणि ते खरे आहे. मात्र ती मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात एकवटते, कारण बंदर जवळ, सुटे भाग बनवणारे जवळ आणि कुशल माणसेही जवळ. गुंतवणूक आमच्याकडे आली नाही, म्हणून आम्ही गुंतवणुकीकडे आलो.

मला येथे शिस्त शिकायला मिळाली, मोजमाप शिकायला मिळाले, जपानी पद्धतीची गुणवत्ता तपासणी मी आज स्वतः करते. याबद्दल मला अभिमान आहे. पण मी कंत्राटदारामार्फत आहे. पावणेदोन वर्षे झाली की करार संपवून पुन्हा नव्याने घेतात, त्यामुळे कायम होण्याची वेळ येत नाही. सरांनी कोरियाला गेलेल्या त्या १३० जणांबद्दल लिहिले ते वाचून मी बराच वेळ विचार करत राहिले. त्यांनी शिकून स्वतःचे कारखाने काढले. आमच्यापैकी कोणी हे कौशल्य घेऊन यवतमाळला परतले तर तेथे ते वापरायला यंत्र कोठे आहे?

निवृत्त प्राध्यापक, अमरावती

मुली, तुझ्या शेवटच्या वाक्याचे उत्तर माझ्याजवळ पूर्ण नाही, परंतु एक गोष्ट सांगता येते. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे केंद्राच्या पीएम मित्र योजनेतून वस्त्रोद्योग उद्यान मंजूर झाले असून २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. शेतापासून धागा, धाग्यापासून कापड, कापडापासून तयार कपडा आणि तेथून परदेश, असा सर्व प्रवास एका ठिकाणी व्हावा अशी ती कल्पना आहे. तेथे येणाऱ्या कंपन्यांशी करार करताना जमीन व वीज सवलतीत द्यायची आणि बदल्यात स्थानिक मुलींना मशिनवरच्या कामाबरोबर नमुना बनवणे, रंगकाम, देखभाल हेही शिकवण्याची अट घालायची, हे सरकारच्या हातात आहे. सवलत देतानाच अट घालता येते. कारखाना उभा राहिल्यावर ती घालता येत नाही.

गुंतवणुकीचे आकडे वाचताना आणखी एक पथ्य पाळावे. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ८१ अब्ज डॉलर थेट परकीय गुंतवणूक आली, ही बातमी मोठ्या अक्षरांत छापून आली. त्याच वर्षी परदेशी कंपन्यांनी परत नेलेले भांडवल आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवलेली रक्कम वजा केली, तर निव्वळ आकडा एक अब्ज डॉलरपेक्षाही कमी उरतो. यात सर्वच वाईट आहे असे नाही. आपल्या कंपन्या बाहेर विस्तारतात हे सामर्थ्याचे लक्षणही असू शकते. पण वर्गात दोन्ही आकडे शेजारी लिहावेत.

जिनिंगवाल्या भाऊंनी एकरी उत्पादनाचा मुद्दा काढला, तोही याच विषयात मोडतो. बीटी कापूस (बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेला) २००२ मध्ये आला तो परदेशी कंपनीच्या भागीदारीतून, आणि सुरुवातीच्या वर्षांत देशाचे उत्पादन खरोखर वाढले. पुढचा टप्पा बोलगार्ड-२ हा २००६ मधला. त्याच्या पुढच्या पिढीचे जनुकीय तंत्रज्ञान मंजूर झाले नाही. दरम्यान गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळवली आणि २०१७ मध्ये विदर्भाने त्याची मोठी किंमत मोजली. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञानावर आपल्या विद्यापीठांत आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत तितक्याच जोमाने पुढचे काम व्हायला पुरेसा पैसा दिला गेला असता, तर आज आयात-निर्यातीचे चित्र वेगळे असते असे मला मनापासून वाटते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना किती जपते ते पाहा. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे अमेरिकी अनुदानांविरुद्ध तक्रार केली, निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, तरी प्रकरण मिटायला २०१४ उजाडले आणि ते ३० कोटी डॉलर देऊन मिटवले गेले. खुल्या स्पर्धेत आपला शेतकरी एकट्या शेतकऱ्याशी लढत नसतो.

राळेगाव तालुक्यातील शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या आठवड्यात मी मुलांना घरून वडिलांच्या काटापट्ट्या (कापूस विकताना मिळणाऱ्या वजनाच्या पावत्या) आणायला सांगणार आहे. त्या दिवसाचा जागतिक भाव, डॉलरचा दर आणि शुल्क यांवरून भाऊंनी दाखवला तसा हिशेब प्रत्येकाने आपापल्या कापसाचा मांडायचा, आणि मग पाठ सुरू करायचा, असे ठरवले आहे. चाकणच्या ताईंचा अनुभव त्यांची परवानगी असल्यास वाचून दाखवीन. भाऊंना एक शंका विचारते. चौतीस किलो रुई हा उतारा आमच्या भागातल्या कोरडवाहू कापसालाही तसाच धरावा का?

हिंगणघाटचे जिनिंग व्यावसायिक

पहिल्या दोन वेचण्यांच्या कापसाला चौतीस धरायला हरकत नाही. शेवटची वेचणी आणि फरदड (हंगाम संपल्यावर तीच झाडे ठेवून घेतलेला कापूस) यांचा उतारा त्याहून कमी येतो, बोंडअळीने खराब केलेला कवडी कापूस असेल तर आणखी कमी. दुसरे म्हणजे काटापट्टीवर ओलावा लिहिला आहे का ते मुलांना पाहायला सांगा. सीसीआय आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे बारापर्यंत कपात करते आणि बारावर माल घेत नाही. ज्या पट्टीवर ओलाव्याचा रकाना कोरा असेल, तिच्यावरचा भाव जागतिक बाजाराशी जुळवून पाहताना तेवढी फरकाची जागा सोडावी. आणि ताई, त्या विद्यार्थिनीच्या घरी कापूस अजून विकायचा राहिला असेल, तर आमच्या जिनिंगवर नमुना आणून द्या, उतारा काढून देतो, त्याचे पैसे लागणार नाहीत.